वाऱ्याच्या डोंगरावर पितळेच्या कांड्या

जर्मनी देशाच्या साधारण मध्यावर ऱ्योन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्यातला सर्वांत उंच डोंगर म्हणजे वासरकुप्पे. नाव ऐकून आपल्याला गोठ्यातले वासरू आठवेल. पण जर्मन भाषेत ‘वासर’ म्हणजे पाणी आणि ‘कुप्पे’ म्हणजे डोंगराचा गोलसर माथा. नावाला साजेसा असा फुल्डा नदीचा उगमही याच डोंगराच्या कुशीत, माथ्यापासून थोडा खाली आहे. उंची म्हणाल तर ९५० मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा उंचीचे कौतुक आपल्याला नको. कौतुक आहे ते इथल्या वाऱ्याचे, आणि त्या वाऱ्यावर बिनइंजिनाची विमाने उडवणाऱ्या माणसांचे.

माझी मुलगी आणि जावई फ्रँकफुर्टला असतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रविवारी जावयांनी गाडी काढली. “मामा, तुम्हाला गवताचा डोंगर दाखवतो,” म्हणाले. दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. फुल्डा शहर मागे पडले की चढ लागतो, दाट झाडी लागते, आणि वर आले की झाडी एकाएकी संपून मोकळे माळ सुरू होतात. नजर जाईल तिथवर गवत. माथ्यावर एक मोठा पांढरा घुमट दिसतो. पूर्व आणि पश्चिम जर्मनी वेगळे होते त्या काळात सरहद्द इथून जवळ होती, म्हणून या डोंगरावर लष्कराची रडार होती. त्यातला उरलेला हा घुमट. आता लोक तिथे नुसते पाहायला जातात.

दगड पाहिला आणि ओळखीचा वाटला. तोच आपला काळा बसाल्ट. हे डोंगरही ज्वालामुखीच्या रसाचे, फक्त सह्याद्रीपेक्षा वयाने बरेच लहान. थंडी फार आणि बर्फ बरेच दिवस टिकते, म्हणून वरच्या अंगाला नांगरटीची शेती नाही. गवत आणि जनावरे हाच धंदा. इथली मेंढी पाहण्यासारखी असते. अंग पांढरे, डोके काळेभोर आणि शिंगे नाहीत. मध्यंतरी ही जात संपत आली होती, ती लोकांनी पुन्हा वाढवली. १९९१ मध्ये युनेस्कोने हा सारा मुलूख राखीव जीवावरण क्षेत्र म्हणून मान्य केला. तेव्हापासून काही कुरणांवर फुलांचे बी पडल्याशिवाय कापणी करायची नाही असा करार असतो आणि त्याबद्दल शेतकऱ्याला पैसे मिळतात. आम्ही गेलो तेव्हा पहिली कापणी होऊन दुसरे गवत गुडघ्याला लागत होते.

पश्चिमेकडच्या उतारावर दहा-पंधरा माणसे उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात पट्ट्याला अडकवलेली एक पेटी, पेटीला दोन दांडे, आणि नजर आभाळाकडे. समोर त्यांची विमाने फिरत होती. दीड मीटर पंखांची, दोन मीटर पंखांची, एखादे तर माणूस आडवा झोपेल त्याहून मोठे. ना इंजिन, ना पंखा, ना आवाज. ऐकू येई ती फक्त हवा कापत गेल्याची शीळ. पेटीतून रेडिओने हुकूम जातो, विमानातली लहान यंत्रे शेपटीची आणि पंखांची पाती हलवतात, आणि विमान वळते. मात्र चढायची ताकद सगळी वाऱ्याची.

हा खेळ याच डोंगरावर का, याला कारण आहे. १९११ मध्ये डार्मस्टाट शहरातले काही विद्यार्थी इथे येऊन घरी बनवलेल्या ग्लायडरवर उड्या मारीत. पुढे पहिले महायुद्ध झाले, जर्मनी हरली, आणि तहात तिच्यावर इंजिनाची विमाने बांधण्याची बंदी आली. इंजिन नाही तर नाही, वारा तर कुणी बंद केलेला नाही, असा विचार करून ‘फ्लुगस्पोर्ट’ मासिकाचे संपादक ओस्कार उर्सिनुस यांनी १९२० मध्ये वासरकुप्पेवर ग्लायडरची पहिली स्पर्धा भरवली. त्या वर्षी दोन-सव्वादोन मिनिटांचे उड्डाण म्हणजे मोठी बाब होती. दोनच वर्षांनी, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, हानोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ‘व्हँपीर’ नावाच्या ग्लायडरमध्ये आर्थर मार्टेन्स एक तासाहून जास्त वेळ हवेत राहिला, आणि पाठोपाठ त्याच्याच जोडीदाराने तीन तासांचा पल्ला ओलांडला. डोंगरावर ग्लायडरचे मोठे संग्रहालय आहे, त्यात लहान विमानांसाठीही दालन आहे. अर्धा दिवस सहज जातो.

वारा विमानाला उचलतो कसा, हे आपल्याकडच्या घाटमाथ्यावर राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. कड्याच्या तोंडावर घार पंख न हलवता तासन् तास तरंगते ती याच जोरावर. वाहता वारा डोंगराला आडवा आला की त्याला पुढे वाट राहत नाही, तो उतार धरून वर चढतो. घार किंवा ग्लायडर त्या हवेतून सारखे खालीच घसरत असतात. पण ज्या वेगाने ते घसरतात त्याहून जास्त वेगाने हवा वर चढत असते, म्हणून आपल्याला ते वर जाताना दिसतात. कामशेतला आणि पाचगणीला पॅराग्लायडरवाले उडतात तेही याच वाऱ्यावर. ही झाली डोंगराची वाऱ्याकडची बाजू. माथा ओलांडून पलीकडे गेले की तोच वारा खाली कोसळतो आणि भोवरे करतो. तिथे विमान गेले की बहुधा गेलेच.

गर्दीपासून जरा बाजूला एक सत्तरीचे आजोबा आणि त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू उभे होते. आजोबांच्या पायात गमबूट होते. जावयांनी बोलणे सुरू केले तेव्हा कळले की गृहस्थ जवळच्याच खेड्यातले, चाळीस गाईंचा गोठा आता मुलाच्या हाती दिलेला. मी शेतीखात्याचा माणूस म्हटल्यावर त्यांनी आधी माझा हात पाहिला आणि मग हसून घट्ट दाबला. मला वाटते, हात फारच मऊ लागला असावा.

नातवाचे विमान दीड मीटर पंखांचे, वजन ९०० ग्रॅम. ते त्याने मागच्या हिवाळ्यात, बर्फामुळे घरात बसावे लागते त्या दिवसांत, आजोबांच्या हाताखाली बनवले होते. सकाळी वारा बेताचा होता तेव्हा विमान सुरेख उडाले. दुपारी वारा वाढला. आजोबांजवळ हातात धरायचे वाऱ्याचे मीटर होते, त्यावर सेकंदाला ७ मीटरचा आकडा ११ वर गेला. ताशी ४० किलोमीटरचा वारा झाला हा. पोराने विमान सोडले तसे ते वर चढले, समोर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी पतंगासारखे थांबले, आणि मग हळूहळू मागे सरकू लागले. त्याची नीट तरंगण्याची चाल सेकंदाला १० मीटरची आणि वारा ११ चा, तेव्हा दर सेकंदाला एक मीटर मागे. मागे आमची डोकी, त्यामागे माथा, आणि माथ्यापलीकडे भोवरे.

पोराने घाईने विमानाचे नाक खाली दाबले. विमान पुढे आले खरे, पण पुढे येताना उंची भराभर गेली. पुन्हा नाक वर घेतले तर पुन्हा मागे. दोनदा असे झाल्यावर आजोबांनी पेटी आपल्या हातात घेतली, विमान उताराच्या कडेने तिरके आणून गवतात टेकवले. पोराचा चेहरा उतरला होता. हिवाळाभराचे काम डोळ्यांसमोर माथ्यापलीकडे जाताना पाहिले होते त्याने.

मला वाटले, आजोबा आता म्हणणार की वारा फार आहे, बास करू. त्यांनी पिशवीतून एक पेटी काढली. तिच्यात पितळेच्या गोल कांड्या होत्या, बोटभर लांब, प्रत्येकी ५० ग्रॅमच्या, आणि सगळ्या लाल रंगाने रंगवलेल्या. विमानाच्या दोन्ही पंखांत मुळाशी एक-एक नळी बसवलेली होती. त्यांनी चार कांड्या एका पंखात आणि चार दुसऱ्यात सरकवल्या. ९०० ग्रॅमचे विमान १,३०० ग्रॅमचे झाले.

वाऱ्यावर तरंगायचे तर हलके असावे, असे कोणालाही वाटेल. पण खळ्यावर वावडीवर उभे राहून धान्य उफणलेल्या माणसाने आठवून पाहावे. वारा भूस उडवून नेतो आणि दाणा पायाशी पडतो. दाणा आणि भूस एकाच वाऱ्यातून येतात. पण आकाराच्या मानाने जो जड, तो वाऱ्याला दाद देत नाही. कुळव जमीन धरत नसला की आपण त्यावर धोंडा ठेवतो नाही तर पोराला बसवतो. ट्रॅक्टरच्या तोंडाला लोखंडी वजने लावतो, मागच्या टायरात पाणी भरतो. तोच न्याय इथे आहे, फक्त थोडा हिशेब जास्त आहे.

हिशेब असा. ग्लायडर खाली घसरते तेच त्याचे इंजिन. बैलगाडी उतारावर आपोआप पळते तसे ते हवेच्या उतारावरून पळते. समजा एक मीटर उंची खर्चून ते १५ मीटर पुढे जाते. वजन वाढवले तरी हा एकास पंधराचा उतार जवळजवळ तसाच राहतो. त्या उतारावरची चाल मात्र वाढते. वजन दीडपट केले म्हणून चाल दीडपट होत नाही, ती वजनाच्या वर्गमुळाने वाढते. वजन शेकडा ४४ वाढले तर चाल शेकडा २० वाढते. म्हणजे पोराचे विमान सेकंदाला १० मीटरऐवजी १२ मीटर चालीने उडणार. ११ च्या वाऱ्यात ते मागे न जाता दर सेकंदाला एक मीटर पुढे येणार, तेही नाक न दाबता.

याची किंमत द्यावी लागतेच. उतार तोच आणि चाल जास्त, म्हणून खाली घसरणेही वाढते. हलके विमान दर सेकंदाला ६७ सेंटिमीटर खाली येत होते, ते आता ८० सेंटिमीटर येणार. जोराच्या वाऱ्यात हवा सेकंदाला दोन मीटर वर चढत असेल तर हे १३ सेंटिमीटर कोण मोजतो? पण संध्याकाळी वारा पडून हवा जेमतेम ७० सेंटिमीटर चढू लागली, तर हलके विमान तरंगत राहील आणि जड विमान हळूहळू पायथ्याला जाऊन बसेल. म्हणून वजन काढता-घालता येण्यासारखे ठेवतात. विमानात डिंकाने कायमचे चिकटवलेले वजन म्हणजे उन्हाळ्यात अंगावर शिवलेली घोंगडी.

दुसरी किंमत उतरताना. चाल वाढली आणि वजनही वाढले, म्हणून जमिनीला टेकताना धक्क्याचा जोर हलक्या विमानाच्या दुपटीवर जातो. गवत मऊ असते ते बरे. दगडावर आले तर पंख मुळातून जातो.

आजोबांनी कांड्या घातल्यावर विमान लगेच सोडले नाही. दोन्ही हातांची एक-एक बोटे पंखांखाली टेकवून त्यांनी ते तोलून पाहिले. विमान सपाट राहिले, नाक किंवा शेपूट झुकले नाही. ही जागा पंखाच्या रुंदीच्या साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. कांड्या नेमक्या या रेषेवर बसल्या पाहिजेत. आपल्या गाडीत माल भरताना ओझे पुढे गेले तर जू बैलांच्या मानेवर बसते, मागे गेले तर गाडी उलाळ होते; विमानाचेही तेच. त्यातही मागे गेलेले ओझे जास्त वाईट. नाक जड झाले तर विमान सुस्त होते, शेपूट जड झाली तर ते हातातच राहत नाही. मग आजोबांनी विमान कानाशी धरून हलवले. कांडी खुळखुळली नाही. नळीत चार कांड्यांची जागा असते. दोनच घालायच्या असतील तेव्हा उरलेल्या जागेत त्याच मापाचे लाकडी तुकडे भरतात, म्हणजे वजन सरकत नाही. उडताना एक जरी कांडी सरकली तर तोल गेलाच.

वजन पंखांत घालतात तसे धडातही घालतात. धडात घातले तर विमान वळायला चपळ राहते, पण सारे ओझे पंखांच्या मुळावर येते. पंखांत घातले तर मुळावरचा ताण कमी, मात्र विमान कुशीवर वळायला जरा आळस करते. आजोबांचे मत पंखांच्या बाजूने होते. “चपळपणा पोराच्या बोटांत आहे, पंखाचे मूळ मला परत बांधावे लागते,” असे ते म्हणाल्याचे जावयांनी सांगितले.

विमान सुटले. आता त्याची चालच निराळी होती. मघाशी ते वाऱ्यात पानासारखे हेलकावत होते, आता ते तारेवरून सरकल्यासारखे गेले. पोराने ते दूरवर समोर नेले, वळवले, आमच्यासमोरून उताराला समांतर सूं करून काढले. परतीच्या वळणावर पूर्वी ते अडखळे, तेही आता नाही. जड वस्तूचा वेग एकदम मोडत नाही. तो पाऊण तास उडवत होता आणि त्या वेळात आजोबांनी पेटीला हात लावला नाही.

मला प्रश्न पडला तो निराळाच. पितळ कशाला? शिसे स्वस्त, जड आणि घरच्या चुलीवर ओतता येईल असे. आजोबांनी उत्तर देण्याऐवजी खालच्या उभ्या गवताकडे बोट दाखवले. ते गवत कोणाच्या तरी गाईंचे. विमान आपटून फुटले की कांड्या गवतात जातात. कापणीच्या यंत्राने त्या चाऱ्याबरोबर उचलल्या किंवा पात्याने त्यांचे तुकडे केले, तर ते सरळ गव्हाणीत. शिसे जनावराच्या पोटात गेले की तिथेच बसून राहते आणि हळूहळू रक्तात उतरते. जनावर दात खाते, आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, झटके येऊन मरते. वासरांना चाटायची सवय, म्हणून त्यांना धोका जास्त. आपल्याकडे फुटलेल्या बॅटऱ्या आणि जुन्या रंगाचे डबे गोठ्याजवळ टाकू नयेत ते याचसाठी. टोकदार तार किंवा खिळा असला तर तो दुसऱ्या पोटात, जाळीच्या कप्प्यात, अडकतो. तिथून हृदय अगदी जवळ, आणि टोचत टोचत तिथवर पोचतो.

म्हणून आजोबांच्या कांड्या बिनशिशाच्या, गुळगुळीत, गोल कडांच्या आणि लाल. हिरव्या गवतात लाल रंग लांबून दिसतो. उडण्याआधी मोजून घालायच्या, उतरल्यावर मोजून काढायच्या, आणि एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत घरी जायचे नाही, हा त्यांचा नातवाला घातलेला नियम. उभ्या गवतात विमान पडले तर धावत तुडवत जायचे नाही, एकाच वाटेने जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, हा दुसरा. त्यांना हे नियम कुणी शिकवले नव्हते, चाळीस गाई बाळगल्या होत्या एवढेच.

सरकारी नियम आहेत ते वेगळे. लहान विमान उडवणाऱ्याला नाव नोंदवावे लागते, नोंदणीचा क्रमांक विमानावर चिकटवावा लागतो, विमाही उतरवावा लागतो. दीड किलोची वस्तू ताशी शंभर किलोमीटरने डोक्याला लागली तर काय होईल, हे पाहता यात जाच काही नाही.

शंभरचा आकडा अतिशयोक्तीचा नव्हे. उतारावरच्या वाऱ्यात या विमानांच्या शर्यती होतात. शंभर मीटर अंतरावर दोन रेषा, त्यांमधून दहा फेऱ्या, एकूण एक किलोमीटर, आणि घड्याळ लावलेले. चांगला उडवणारा चांगल्या वाऱ्यात हे चाळीस सेकंदांच्या आत करतो, वळणे धरून. वारा सेकंदाला ३ मीटरहून कमी किंवा २५ मीटरहून जास्त झाला की शर्यत थांबवतात. या विमानांचे पंख तीन मीटरच्या आसपास, रिकाम्याचे वजन सव्वादोन-अडीच किलो, आणि वजने भरून ते चार किलोच्या वर नेता येते. जास्तीत जास्त पाच किलो अशी मर्यादाच आहे. माणूस बसतो ती मोठी ग्लायडरे तर पंखांत शंभर-दोनशे लिटर पाणी भरून नेतात आणि उतरण्याआधी ते हवेतच सोडून देतात. मागे पांढरा फवारा दिसतो, औषध मारल्यासारखा.

पाचच्या सुमारास वारा उतरला. मीटरवर ६ दिसू लागले. नातवाने विमान उतरवले, दोन्ही नळ्यांची बुचे उघडली आणि कांड्या आजोबांच्या तळहातावर ओतल्या. आठ भरल्या. रिकामे विमान पुन्हा सोडले ते बराच वेळ मेंढ्यांच्या कळपावर तरंगत राहिले. मेंढ्यांनी मान वर केली नाही.

आपल्या घरच्या पोरांना हे करून पाहता येईल. थर्माकोलच्या पातळ पत्र्याचे हातभर पंखांचे विमान कापावे, नाकाला मातीचा गोळा लावून ते दोन बोटांवर पंखाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर तोलावे, आणि बांधावरून किंवा ओट्यावरून हलकेच सोडावे. मग त्याच तोलाच्या रेषेवर, पंखाखाली दोन्ही बाजूंना, एक-एक रुपयाचे नाणे चिकटपट्टीने बसवून पुन्हा सोडावे, या वेळी जरा जोर देऊन. वारा नसेल तर विमान साधारण तेवढ्याच अंतरावर पडेल, फक्त लवकर पडेल. समोरून वारा असेल तर नाण्यांचे विमान पुढे जाईल आणि बिननाण्यांचे अंगणातच फिरून पडेल. हे गोठ्यापासून लांब करावे, आणि नाणी पक्की चिकटवावीत. सुटे नाणे पुढे घसरले तर विमान सरळ नाकावर येते.